सरासरी

नारा रोडच्या मागच्या गल्लीत
मीटरशेजारी खडूचे आकडे:
एकाहत्तर, अठ्ठ्याऐंशी, सत्त्याण्णव.
शंभरच्या आत सवलत, म्हणून
सत्त्याण्णवला कूलर बंद. बाहेर शेहेचाळीस.

"ओली चादर पांघरून निजलो ना भाऊ,"
गोदूबाई हेडाऊ सांगतात,
"तुम्ही सोमवारी येणार होते."

मी आलो गुरुवारी.
पडद्यावर एकशे चार.

कोराडीची चिमणी त्यांच्या गच्चीवरून दिसते.
राख कधीमधी वाळवणावर येते,
तिचं बिल नाही येत.

पूर्वी पेन होतं, आकडा ऐकायचा.
आता फोटो काढावा लागतो.
काढला.
हात हलला माझा.
यंत्र म्हणालं: अस्पष्ट,
मागची सरासरी लावा.

"थंडीचे महिने कामी आले, बाई,"
म्हटलं,
आणि पाणी मागितलं.