मुके शेवट

काजूच्या कारखान्यामागे, टरफलांच्या ढिगाला लागून,
सेराफिनबाय लोबोंची शिकवणी. साडेपाच ते सात.
एकोणीस वर्षं लियाँमध्ये दुसऱ्यांची मुलं वाढवून
त्या वेंगुर्ल्याला परतल्या
एक दुखरा गुडघा आणि एवढी भाषा घेऊन.
आम्ही चौघं. बोटीवर भटारी व्हायचंय तो दिगंबर तांडेल,
नसीमा, तिची भाची,
आणि मी, जिची नखं टरफलाच्या तेलानं काळी.

"क्रियापद म्हणजे बांगडो," बाय म्हणतात.
"शेपूट कापा. उरलं ते धड.
आता ज्याचं त्याला लावा."
पार्ले. बोलणे.
"बाय, बिस्किटाचो पुडो?" दिगंबर विचारतो.
बाय खडू फेकून मारतात. नेम चांगला आहे.

फळ्यावर सहा ओळी.
ज पार्ल, त्यु पार्ल, इल पार्ल.
लिहिताना 'तू'च्या शेवटी एक जास्तीचं अक्षर,
'ते'च्या शेवटी तर तिघांची रांग,
वाचताना सगळ्यांचं एकच: पार्ल.
"मग लिहायचं कशाला?" नसीमाची भाची.
"घरात असतात ना माणसं, दिवसभर काही न बोलणारी.
म्हणून रेशनकार्डावरून नाव काढतंस?"
मी वहीत त्या मुक्या अक्षरांखाली रेघ ओढली.

र मात्र घशातून,
काटा अडकला की भाताचा गोळा जिथून ढकलतो तिथून.

मग बाय म्हणाल्या, तो असो, ती असो,
इल पार्ल, एल पार्ल. क्रियापद विचारत नाही.
आणि मला चौथीतला निबंध आठवला.
"आई बाजारात जाता," मी लिहिलं होतं.
गुरुजींनी लाल शाईनं 'ता' खोडला.
भाऊ जातो, आई जाते. शुद्ध लिही.
घरी तर तो जाता, ती जाता, म्हस जाता, एसटी जाता,
मी जातंय म्हणायला
बाई की पुरुष ते सांगावं लागत नाही.
तीस वर्षं मी ती बोली वहाणांसारखी
प्रत्येक कचेरीच्या दाराशी काढून ठेवली.
आज लियाँहून आलेल्या व्याकरणानं
ती उचलून आत आणून ठेवली, फळ्याखाली.
मी काही बोलले नाही. खाली बघून वही लिहीत राहिले.

दुसरा गट, फिनीर. संपवणे.
एकटीनं संपवलं तर आखूड: ज फिनी.
आपण सगळ्यांनी संपवलं की मधे स घुसतो, नू फिनिसों.
खरंच आहे. शेवटची पाटी चौघी मिळून संपवायला बसलो
की तीच जास्त वेळ चालते.

तिसरा गट बुधवारी. आतांद्र, वाट पाहणे.
"म्हणा. ज'आतां."
जातां.
"कोण जाता?" दिगंबर.
"कोणी नाय. मी थांबलंय, असा अर्थ."
आम्ही खूप हसलो.
नसीमा हसली नाही, तिनं ते दोनदा लिहून घेतलं.
मस्कतला अकरावा महिना.

सात वाजता उठताना बाय विचारतात,
"निघताना काय म्हणतंव आपण?"
"येतंय," एका सुरात.
"आरिव्हे. येणे, पोचणे. नियमित. ज'आरीव्ह.
तिकडेही असंच ओरडतात,
पाय अजून आपल्याच घरात असताना."

सोळा तारखेला पणजीला मुलाखत.
कारखान्यात मी गर वेगळे करते,
अख्खे, तुकडा, पाकळी,
आणि ओठ हलत राहतात.
"काय गे पुटपुटतंस? मंत्र?" मुकादमीण सुलोचना.
"वर्तमानकाळ."
"आणि झाला गेला, त्याचा काय?"
"तो अजून शिकवला नाय."
तिनं माझ्यापुढे नवी पाटी सरकवली.