हातचा

ताकाओकात बर्फ पडायला लागला
की हामागुची बाई चष्मा पुसतात आणि म्हणतात,
आज आकडे नीट दिसतील, बाहेर बघण्यासारखं काही नाही.

चाळीस वर्षं त्यांनी मुलांना मणी सरकवायला शिकवलं.
क्लास बंद झाला, बाकं विकली,
एक सोरोबान तेवढा राहिला खिडकीपाशी,
एका मण्याला चीर गेलेला.

मी त्यांच्याकडे गेलो तो भाव विचारायला.
कुठला घेऊ, कधी घेऊ, असलं काहीतरी.
त्यांनी माझ्यापुढे एक अहवाल टाकला,
कागद हलका, फोटो एकही नाही.
"मागून वाच," म्हणाल्या.
"पुढे अध्यक्ष बोलतो.
मागे तळटिपा बोलतात, त्यांचा आवाज बारीक असतो."

तो सबंध हिवाळा एका कंपनीत गेला.
नळाचे व्हॉल्व्ह बनवणारी. लग्नात सांगावं असं नाव नाही.
घसारा म्हणजे काय, हे मला
बाईंच्या जिन्याच्या झिजलेल्या पायरीनं समजावलं;
येणी म्हणजे काय, हे कोपऱ्यावरच्या तानाबे दारूवाल्यानं,
ज्याची वही भरलेली आणि गल्ला रिकामा.
एका वर्षी गोदामात माल वाढला होता, विक्री नाही.
त्या ओळीवर बाईंनी पेन्सिलीनं
नुसती एक भुवई काढली.

मार्चअखेर रस्ते मोकळे झाले
तेव्हा शनिवारी रात्री आम्ही कारखान्यामागे गेलो,
सायकलींच्या छपरापाशी.
बाई मोजत होत्या. एकशे बारा.
गेल्या शनिवारी सत्त्याण्णव.
"ओव्हरटाइम," म्हणाल्या, आणि हातमोजा चढवला.
एवढंच. माझ्या पायांचं लाकूड झालं होतं.

मग किंमत काढायची वेळ आली.
रोकड, यंत्रं, जमीन, त्यातून कर्ज वजा.
मणी टकटकले. उत्तर आलं नऊशे चाळीस.
बाजारात भाव सहाशे दहा.
मी म्हटलं, घेऊया!
त्यांनी सगळे मणी खाली पाडले, पुन्हा मांडले,
या वेळी हातचा राखून:
यंत्रं भंगारात धरली, जमीन अर्धी,
अध्यक्षाचा मुलगा मठ्ठ निघेल असं धरलं.
सहाशे ऐंशी.
"आता घे," म्हणाल्या. "थोडे."

नोव्हेंबरात त्यांच्या पडवीत
तुरट काकीची फळं सोलून दोरीला टांगलेली.
मी हुशारीनं म्हटलं, शेअरही असेच ना बाई,
टांगून ठेवले की गोड होतात?
"नाही," म्हणाल्या. "ही फळं आहेत.
शेअर म्हणजे त्या एकशे बारा सायकली.
दर वर्षी जाऊन बघाव्या लागतात."

चार वर्षं भाव जागचा हलला नाही.
पाचव्या वर्षी नऊशेला टेकला आणि मी विकले,
गाडी घेतली, निळी.
दाखवायला नेली. बाई आत बसल्या,
काच वर केली, खाली केली,
छान आहे म्हणाल्या.

त्यांनी अजून एकही विकलेला नाही.
काल मी मुद्दाम सांगायला गेलो, दोन हजार शंभर झाला म्हणून,
तर त्यांना भाव ठाऊकच नव्हता.
ठाऊक होतं ते असं, की ऑक्टोबरात एकशे साठ सायकली होत्या,
छप्पर लांबवलंय,
आणि अध्यक्षाचा मुलगा मठ्ठ नाही.
"रात्री शेवटी तोच निघतो. दिवा घालवून.
तोही सायकलवरच."

चहा संपेपर्यंत माझ्या गाडीवर
हातभर बर्फ साचला होता.
बाईंनी मला फावडं दिलं.