दोन गुहांचं पाणी

सान लुईस पोतोसीच्या चुनखडीत
दोरीनं उतरावं लागतं, चाळीस मीटर.
फिदेन्सियो आधी. मग वटवाघळांचा वास,
मग चिखल, मग पाणी, इतकं निश्चल
की पाय बुडाल्यावरच कळतं, पाणी आहे.
दिव्याच्या झोतात मासे: बोटभर, फिकट गुलाबी,
डोळ्यांच्या जागी कातडी. सलग.
शिवण कुठंच नाही.

"वापरले नाहीत, म्हणून गेले," फिदेन्सियो म्हणाला.
"माझ्या काकाचा कोयता असाच गेला."

ओफेलिया साराते जाळं धुवत होती.
"कोयता गंजतो," ती म्हणाली,
"पण गंजलेल्या कोयत्याला
गंजलेली पिल्लं होत नाहीत."

प्रयोगशाळेत तिनं फळ्यावर चारच अक्षरं लिहिली.
काना नाही, मात्रा नाही,
दोन शब्दांत श्वासापुरतीही जागा नाही.
तीन-तीन वाचत जायचं,
'थांब' असं लिहिलेलं येईपर्यंत.
तिनं उदाहरण स्पॅनिशमधून दिलं.
मी वहीत माझ्या भाषेत करून पाहिलं:

उचल कमळ भरत

एक क गाळला.
वाचणारा बिचारा इमानी, तीन-तीनच तोडत गेला:

उचल मळभ रत

कमळ गेलं, मळभ आलं,
आणि शेवटी नुसता एक तुकडा, कशाचाच नाही.

वर नदीत असं मळभ घेऊन आलेला मासा
तिन्हीसांजेच्या आत बगळ्याच्या पोटात.
त्याच्याबरोबर ती चुकलेली प्रतही.
खाली बगळा नाही.
खाली चुकीला कुणी हटकत नाही,
ती पोराबाळांत निवांत नांदते.
शिवाय डोळा म्हणजे खाणारं तोंड.
गुहेत खायला काय, तर वटवाघळांनी टाकलेलं.
"म्हणजे नशीब, की निवड?" यारेत्सीनं विचारलं.
"दोन्ही. कुणाचा वाटा किती, ते विचारू नकोस.
त्यावरून आम्ही वीस वर्षं भांडतो आहोत."

सूक्ष्मदर्शकाखाली मला एक अंडं दाखवलं.
त्यात डोळा होता.
खरंच होता. भिंग गोल होत आलेलं.
दुसऱ्या दिवशी त्याच भिंगाच्या पेशी
एकेक करून मरू लागल्या,
कुणी न सांगता, घरातल्या घरात.
मी दुपारी जेवलो नाही. कारण सांगता आलं नसतं.

मग टाकी क्रमांक अकरा.
आई उत्तरेच्या गुहेतली, आंधळी.
बाप दक्षिणेच्या गुहेतला, आंधळा.
मधे डोंगर, आणि न भेटलेल्या हजारो पिढ्या.
नाबोर पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घालून
टाकीवरून सहज चालत गेला,
आणि काही पिल्लं त्याच्याबरोबर वळली.

तो थांबला. ती थांबली.
तो मागे आला. तीही मागे.

कुणी बोललं नाही. मग ओफेलियानं खडू घेतला:
आईचं मोडलं होतं एका पानावर,
बापाचं दुसऱ्या.
तिचं फाटलेलं पान त्याच्याकडे शाबूत होतं,
त्याचं फाटलेलं तिच्याकडे.
दोन फाटक्या पोथ्यांतून
एक वाचता येईल एवढी पोथी.

"सगळ्यांना का नाही दिसत मग?" नाबोर.
"पानं पुष्कळ आहेत. काही दोघांकडचीही फाटली असतील."

फिदेन्सियो दारात उभा होता, टोपी हातात.
"आणि यांची पोरं?"
"पुन्हा वाटप. कुणी बघतील, कुणी नाही."
"मग परत सोडू नका खाली," तो म्हणाला,
आणि जरा वेळानं, स्वतःशीच,
"खाली बघायचं तरी काय."

संध्याकाळी यारेत्सीनं दिवे मालवले.
अकरा नंबरच्या टाकीत
डोळे असलेली आणि नसलेली
सारखीच फिरत राहिली,
काचेला न धडकता.