सुटलेला दोरा

पायगोंडा अण्णांना हल्ली माझं नाव सापडत नाही.
चाळीस वर्षं इचलकरंजीत माग चालवला,
बोटं तेवढी अजून कामावर जातात.

त्यांच्या कमरेला मी चिंध्यांचा एप्रन बांधते:
पॉपलीन, मांजरपाट, जुन्या पँटची चेन,
पट्टणकोडोलीच्या घोंगड्याचा तुकडा.
चेन ढकलून देतात.
घोंगडं टोचलं की हसतात.

मांजरपाटावर अंगठा अडतो.
"बाणा तुटलाय. माग बंद कर की."

मी उठून पंख्याचं बटण दाबते.
शेजारच्या शेडमधले माग खडखडतच राहतात,
ते त्यांच्या हिशेबात नाहीत.

मग माझ्या पदराचा लोंबता दोरा धरून
न बघता गाठ मारतात,
ओढून बघतात.

"हं. कर चालू."