अकरा नंबरची बस

पहाटे साडेचारला, डेपोतल्या शेवटच्या गाडीची फरशी पुसून
प्यो छुन-जा येते.
हाताला अजून फिनेलचा वास.
कोपऱ्यातली सतरा नंबरची खुर्ची, तासाला हजार वॉन,
आणि एक कप नूडल्स, झाकणावर काड्या आडव्या ठेवून.
मी काउंटरवर. गुन्सानच्या बंदरातून बोटी निघायच्या वेळेला
आमच्या दुकानात बहुतेक सगळे झोपेतच खेळत असतात.
ती तेवढी जागी.

पडद्यावर तिच्या बाईचं नाव: अकरा नंबरची बस.
म्हणजे दोन पाय. घोडा नाही, पंख नाहीत.
खेळातल्या दुकानात डोकावते, भाव बघते, बाहेर येते.
नऊ वर्षं चालतेय.
मिठागरापासून बर्फाच्या खिंडीपर्यंत पाऊण तास,
घोड्यावर चार मिनिटं.
"पाऊण तासात माझे खांदे मोकळे होतात," म्हणते.
लांडगे मारून मारून लेव्हल साठ,
एकेक लेव्हल म्हणजे तळहाताला पडलेला घट्टा.

'काळा बर्फ' नावाचा एक पोरगा मागच्या हिवाळ्यात उगवला,
मिसरूड फुटायच्या आधीच साठीला आलेला.
पी हळद अन् हो गोरी.
त्याचे पंख एवढे, की खिंडीच्या तोंडाशी दुसऱ्याला जागा उरेना.
"आजी, सरका. पैसे मोजलेत मी."
ती सरकली.
तो आत गेला, मेला.
परत गेला, परत मेला.
तिसऱ्यांदा त्यानं कंपनीला तक्रार लिहिली:
एवढ्याची तलवार घेतली, तरी लांडगा मरत नाही म्हणजे काय?
लांडग्याला पावती दाखवून चालत नाही,
हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
तिनंही नाही. नुसतं टाइप केलं:
डावीकडून जा. दगडाला पाठ लाव. पहिला ओरडला की थांब.
आभारबिभार काही आले नाहीत.

मग वसंतात कंपनीनं शिडीचं तिकीट काढलं.
तेहतीस हजार वॉन, थेट लेव्हल साठ.
जुने खेळाडू पेटले. आमच्या रात्री परत द्या, म्हणाले,
वर्गणी काढून कंपनीच्या दारात ट्रक उभा केला,
त्यावर दिव्यांची पाटी, दिवसभर तेच वाक्य सरकत.
तिनं वर्गणी दिली नाही.
पण त्या पहाटे नूडल्स तशाच फुगून गेल्या.
बोटांवर हिशोब चालला होता:
तेहतीस हजार, नऊ वर्षं. दिवसाला दहा वॉन.
दहाचं नाणं आता रस्त्यात पडलं तर
कुणी वाकतसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मला विचारते,
"हे तिकीट दुसऱ्याला भेट देता येतं?"
येतं.
तिनं नोटा मांडल्या, सरळ करून, एकेक.

गटाच्या यादीत सगळ्यात खाली, करड्या अक्षरांत:
थे-इल. लेव्हल एकेचाळीस. शेवटचा दिसला सहा वर्षांपूर्वी.
तिचा मुलगा. हा खेळ त्यानंच शिकवलेला,
माउस कसा धरायचा इथपासून.
आता उल्सानच्या गोदीत वेल्डिंग करतो,
सणाला फोन करतो, कधी सण उलटल्यावर.

भेट पेटीत तीस दिवस राहते, मग जाते, पैसे परत नाहीत.
बारीक अक्षरांत होतं. मी वाचून दाखवलं.
"वाचलंय," म्हणाली.

बारावा दिवस. एकोणिसावा.
माझा काही संबंध नसताना मीही यादी उघडून बघायला लागलो.
सव्विसाव्या पहाटे सतरा नंबरची खुर्ची
एकदम मागे सरकल्याचा आवाज आला.
मिठागराच्या काठी थे-इल उभा. लेव्हल साठ,
अंगात मात्र एकेचाळीसचीच विजार, गुडघ्याला ठिगळ.
तो काही बोलला नाही. तीही नाही.
बराच वेळ नुसते उभे.
मग तिनं टाइप केलं:
"विजार विकत मिळत नाही. चल."
आणि निघाली, पायी, खिंडीच्या वाटेला.
जरा वेळानं तोही.

तिचे पैसे साडेसहापर्यंतचेच होते.
मी पाऊण तास वाढवला, साडेसातशे वॉन, माझ्या खिशातून,
आणि मग लक्षात आलं,
मीही काहीतरी विकतच घेतलं होतं.