डाउनमध्ये काय लिहू

ग्रिम्सबी. शनिवार, पहाटेचे दोन.
खिडकीत गोदीवरचे दिवे, आणि मासळीचा वास
जो मला आता येईनासा झालाय.
हाउसिंग ऑफिसचा डेटाबेस, चौदा हजार भाडेकरू,
एक जुना रकाना : पूर्ण नाव.
त्याचे दोन करायचे. काम एवढंच.

मायग्रेशनमध्ये मॉडेल वापरायचं नाही,
हे एकदा हात भाजून शिकलेय.
पुढच्या वर्षी कुणी तो क्लास बदलतो
आणि आजची फाइल नव्या मशीनवर
पहिल्याच पायरीला तोंडघशी पडते.
म्हणून साधं एसक्यूएल, पाचशे-पाचशेच्या घासांनी,
नवा रकाना जिथे अजून रिकामा, तिथेच फक्त.
मध्येच थांबलं तरी पुन्हा सुरू करता यावं,
जेवलेल्याला परत वाढू नये.

ट्रान्झॅक्शनवर भिस्त ठेवू नकोस, डेस्मंड म्हणाला होता.
मायएसक्यूएलमध्ये ऑल्टर टेबल आलं
की मागचं सगळं न विचारता कायम होतं.
मग रोलबॅक म्हणजे
धक्का सोडून गेलेल्या बोटीला दोर फेकणं.

आधी प्रतीवर चालवलं.
ओळ ४१०७ : मिसेस हॅडफील्ड नॉक लाउड.
आडनाव निघालं, लाउड.
हसले. एकटीच.
मग टी. ऑल्डरिज, वारले, चावी मुलीकडे.
मग गुलालई, नुसतंच गुलालई,
पुढे एक टिंब,
फॉर्म पुढे सरकावा म्हणून कुणीतरी ठेवलेलं.
माझ्या नियमाने
ते टिंब तिचं आडनाव झालं.

शेऱ्याचा रकाना कुणी दिलाच नव्हता.
बहिरेपण, मरण, चावी,
सगळ्यांनी नावातच बिऱ्हाड थाटलं.

तिसरा रकाना वाढवला. आडनावाला
रिकामं राहायची मुभा दिली.
जुना रकाना पाडत नाही, असू दे सहा महिने,
पाडायचाच तर वेगळ्या फाइलीत, वेगळ्या दिवशी,
झोप झालेल्या माणसाने.

राहिलं डाउन.
दोन शब्द परत जोडता येतात,
पण जुनी जागा एक स्पेस होती की दोन,
ते टिंब कुणाचं होतं,
हे कुठल्या फंक्शनला विचारू?
तिथे एक एक्सेप्शन फेकून ठेवलं :
इथून मागे वाट नाही.

सीगल ओरडायला लागलेत.
तीनशे बारा ओळी अजून मला कळत नाहीत.
सोमवारी काउंटरवरच्या मोइराला विचारेन.
टाइप केलेलं असलं तरी
अक्षर तिचंच वाटतंय.