दुसऱ्या फेरीची यादी

यादी साडेपाचला लागणार होती.
पावणेबारा झाले, वेबसाइट अजून गोल गोल फिरतेय,
आणि मित्रा ओट्याशी उभी राहून लसूण सोलतेय,
उद्याचा, परवाचा, पुढच्या आठवड्याचा.
घरात लसूण खाणारे आम्ही दोघंच.

मी काट्यांचा माणूस.
भवानी पेठेत वजनकाटे दुरुस्त करतो,
मार्केट यार्डातले, सोनारांचे,
मधूनच एखादा भंगारवाल्याचा,
जो नीट व्हावा असं भंगारवाल्याला मुळीच वाटत नसतं.
पाच मिलिग्रॅमची चूक माझ्या बोटाला कळते.
आज सकाळपासून मात्र दोनच शब्द तोलतोय,
"अभिनंदन" आणि "असू दे".

पहिल्या वर्षी "असू दे" म्हणालो,
चार दिवस बोलली नाही.
दुसऱ्या वर्षी काहीच म्हणालो नाही,
ते जास्त लागलं.

सदाशिव पेठेतली अभ्यासिका, खुर्ची बेचाळीस.
रात्री नऊला खालून मिस्ड कॉल द्यायचा,
मग ती उतरून येणार, स्कूटरच्या सीटवर डबा उघडणार,
आणि मी रस्त्यावरच्या दिव्याखाली
तिच्या वहीतले प्रश्न विचारणार,
रोगांची नावं मोडून, तोडून, उलटी टांगून.
एकदा असा काही उच्चार केला
की तिला ठसका लागला, वरणभात ॲप्रनवर.
त्या रोगाचं नाव ती परीक्षेत विसरली नाही म्हणे.

पसंतीक्रम भरले एकशे चौदा.
माझ्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानांवर आधी कच्चे.
एक नंबरला ससून, बालरोग.
सत्त्याण्णववर अंबाजोगाई.
तेव्हा मी मोबाइलवर हळूच अंतर मोजलं होतं.
तिनं पाहिलं होतं.

फोन वाजला. ऋग्वेदीला मुंबईत मिळालं, त्वचारोग.
फोनमधून तिची किंकाळी ओट्यापर्यंत आली.
"पार्टी हवी," मित्रा म्हणाली,
आणि ती खरंच खूश होती.
तिचा खोटा आवाज मला ठाऊक आहे, तो हा नव्हता.
फोन ठेवला. पाकळीचं साल नखानं काढत राहिली.

बारा वाजून वीस. उघडली.
अकराशे पानं. मी वर सरकवतोय, ती म्हणतेय खाली,
मग मी खाली सरकवतोय, ती म्हणतेय थांब.
संघमित्रा भालेराव. नावात एक अक्षर जास्त, पण तीच.
अंबाजोगाई.
भूलशास्त्र.

दोन्ही पारडी हातात, शब्द एकही नाही.
तोंडातून निघालं ते असं:
"एसटी स्वारगेटहून सुटते की शिवाजीनगरहून?"

तिनं माझ्याकडे बघितलं.
बराच वेळ.
"शोध," म्हणाली.

मग येरवड्याहून आईंचा फोन. त्याही जाग्याच.
"भूल? म्हणजे चूकच ना गं?"
"नाही आई. कापाकापी चालू असताना
माणसाला काही कळू नये म्हणून..."
थांबली.
"म्हणून कुणीतरी उशाशी बसून राहायचं.
श्वास मोजत. तो जागा होईपर्यंत."
पलीकडे आई गप्प.
मग म्हणाल्या, "मग चांगलंय की."

गुरुवारी पाचच्या आत हजर व्हायचंय.
मूळ कागदपत्रं, डिमांड ड्राफ्ट, बाँडसाठी स्टँप पेपर.
मी बिलबुक उघडून लिहायला घेतलं.
तिनं खांद्यावरून वाकून पाहिलं:
"एक काटा पण लिही. माणसं उभी राहतील असा.
भुलीचं औषध वजनावर देतात."
"सरकारी कॉलेजात असेल की काटा."
"असेल. पण बरोबर असेल का?"
लिहिला.

बालरोगाबद्दल आम्ही बोललो नाही.
बोलू कधीतरी, किंवा नाही बोलणार.

एवढा सोललेला लसूण टिकत नाही,
म्हणून रात्री एक वाजता चटणी वाटायला घेतली.
वरच्या मजल्यावरचे पानसे उठले असतील, उठू देत.
तिखट हात सुटून पडलं,
दोघांच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी,
आणि कुणी कुणाला विचारलं नाही
कशाचं.